सातवी फ्रेट

“सातव्या फ्रेटवर तार झणझणते, तेवढं नीट करा. पण फ्रेट बदलू नका, ह्यांच्या बोटाखालची आहे,” असं बजावून बाई आपल्या दिवंगत नवऱ्याची गिटार ठेवून गेल्या.

कारागिराने तारा काढल्या, तर सातव्या फ्रेटवर खळगा पडलेला. दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना, म्हणजे सगळ्या फ्रेट्सना, काळी शाई फासून कानस फिरवली. शाई सगळीकडून सारखी गेली, म्हणजे पातळी जमली. मग एकेकीचा माथा गोल केला, चकाकेपर्यंत पॉलिश केलं.

जेवून आला, तर सातवीवर पुन्हा तोच खळगा. वर्षानुवर्षं तार दाबून पडतो तसा.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. तारा तर गुंडाळून खुंटीला टांगलेल्या होत्या. आता घासायला धातूही उरला नव्हता.

बाई आल्या तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं होतं. “ताई, तीस वर्षांत असं कधी झालं नाही. हा खळगा काही केल्या जाईना.”

बाईंनी खळग्यावरून अंगठा फिरवला आणि खुर्चीत अंग सैल सोडलं.

“असू द्या हो. घरात तीन दिवस चिडीचूप होतं, माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. हे इथे होते म्हणजे.”