बटणाचा दोरा
ऑपरेशनआधी कोटाच्या बटणाला दोरा बांधून टाक्यांच्या गाठी मारत बसायची आमच्या सर्जनबाईंची सवय शिकाऊ असतानाची. डॉक्टरकी, सर्जरी, मग लहान मुलांची सर्जरी शिकता शिकता पस्तिशी उलटली, नुकतीच तज्ज्ञ म्हणून नोंदणीही झाली, तरी बोटं स्वस्थ बसेनात. आतड्याला पीळ पडलेल्या बाळाच्या बापानं तो दोरा पाहिला आणि त्याचं टाळकं सटकलं. “अजून गाठी मारायला शिकतेय ही! माझं लेकरू काय हिचा हात बसवायला आणलंय?” “अहो, ऐका,” म्हणत बाईंनी थिएटरची चौकट धरली. त्यानं जड दार लाथेनं बोटांवर आदळलं आणि पायानं दाबून धरलं. हाडं कडकडा मोडली. मग माझे पांढरे केस बघून त्यानं हात जोडले. “डॉक्टरसाहेब, तुम्हीच करा ऑपरेशन.” “मी भूल देतो. मुलांच्या सर्जन इथं या एकट्याच. आधी दारावरचा पाय काढा.”