साठ जणांची हजेरी

"इथं सही, इथं, आन् मागच्या पानावर पुन्ना एक," क्लार्क नरसिंग म्हणाला. रेणुकानं पहिल्या दोन जागी सही केली.

हमीपत्र साधं होतं. पालक परदेशी जात आहेत. विद्यार्थिनी सृष्टी शिवप्रसाद वडजे, वय सतरा, बारावी होईपर्यंत लातूरच्या वसतिगृहात राहील. जबाबदारी मामाची.

कॉलेज चाकूरच्या पुढं, फाट्यावरून तीन किलोमीटर आत. एक ऑफिस, चार वर्गखोल्या, पत्र्याचं छत, मागं तुरीचं रान. लातूरला डॉक्टरकीच्या नीट परीक्षेचा क्लास करणाऱ्या मुलांची नावं असल्या कॉलेजांत घालतात. मुलं तिकडं, नावं इकडं. हजेरी आपोआप लागते. सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी विचारत नाही. सृष्टीच्या प्रवेशालाही तेव्हा रेणुकाचा नवरा शिवप्रसाद एकटाच येऊन गेला होता. आज हे ठिकाण रेणुका पहिल्यांदाच बघत होती.

रेणुका नांदेडला नर्स. दोन वर्षं घासून जर्मन शिकली, एकदा नापास झाली, दुसऱ्यांदा पास झाली. स्टुटगार्टजवळच्या रुग्णालयाचं पत्र आलं. नवऱ्याला आणि धाकट्या शिवमला सोबत नेता येत होतं. सृष्टीलाही येत होतं. अडचण शाळेची होती. तिथं तिला आधी नुसत्या भाषेच्या वर्गात बसवणार, मग वर्गही खालचा मिळणार. दहावीला गणितात पोरगी काठावर पास झालेली. क्लासच्या गेल्या परीक्षेत सातशे वीसपैकी एकशे एकतीस. नांदेडला आजीजवळ ठेवून बाहेरून परीक्षा द्यायचा सतरा नंबरचा फॉर्म भरावा, तर आजीला, केवळाबाईंना, आता पायऱ्याच चढवत नव्हत्या.

"लातूरच बरं," शिवप्रसाद म्हणाला होता. "तिथं जाऊन ती चौथीच्या पोरांत बसणार हाय का? इथं रगडतील तरी. आन् तिला एवढ्यात सांगू नको. टेस्ट चालू हायेत."

तिकिटं तीनच काढली. जर्मनीला जायचं सृष्टीला ठाऊक होतं; तिचं तिकीट नाही, हे अजून सांगितलं नव्हतं.

रेणुकानं पान उलटलं. तेवढ्यात व्हरांड्याच्या टोकाकडून आवाज आला.

"आगलावे बालाजी."

"हजर, सर."

"बिरादार उमाशंकर."

"हजर, सर."

पहिला आवाज घोगरा होता, दुसरा बारीक. तिसरा नाकातून आला. चौथा जरा उशिरा, झोपेतून उठल्यासारखा.

"पोरं येतात की तुमच्याकडं," रेणुका म्हणाली. तिला बरं वाटलं.

नरसिंगनं पेनाचं टोपण लावलं. "न्हाई ताई. पोरं कुठली? साठ नावं हायेत, साठच्या साठ लातूरला." मग आवाज उतरवून म्हणाला, "एकच पोरगी येती. चार महिने झाले. सकाळच्या एस्टीनं येती, दुपारी जाती. गुंडप्पा सर नवीन हायेत, तासाच्या पगारावर. त्यांनी पहिल्या दिवशी गमतीनं सारा पट वाचला, तर ही साऱ्यांच्याच नावाला बोलली. तवापासून रोजचंच झालं. सर एकटीला गणित शिकवायलेत. आमी तिकडं जात न्हाई बघा. आयकलं की अंगावर काटा येतो."

"कुणाची हाय?"

"कुणाला म्हाईत! नाव इचारलं तर हसती. सर बी सांगत न्हाईत."

रेणुकाचा मोबाइल वाजला. दारात हजेरीचं कार्ड लावलं की येणारा क्लासचा रोजचा मेसेज. आपली पाल्य सृष्टी आज वर्गात उपस्थित आहे. वेळ दहा वाजून पन्नास मिनिटं. रोज हा मेसेज वाचून तिला दिवसभर शांत वाटायचं. आताही वाटलं. कुणाची तरी पोरगी वाया चालली, आपली निदान वर्गात बसली आहे.

तरी ती उठली. का उठली, तिला सांगता आलं नसतं.

व्हरांड्यात तीन खोल्यांना कुलपं होती. कुलपांवर कोळ्यांनी जाळी केली होती. चौथ्या खोलीचं दार उघडं.

"मुंडे गजानन."

"हजर, सर."

आत पंधरा बाक. चौदांवर धूळ, बोट फिरवलं तर नाव लिहिता येईल एवढी. पहिल्या बाकावर दाराकडं पाठ करून एक मुलगी बसली होती. ताठ. हात बाकावर, वही उघडी. फळ्यावर वर्गसमीकरण होतं आणि ते शेवटपर्यंत सोडवलेलं होतं. अक्षर वळणदार, सातला मध्ये आडवी रेघ.

सातला अशी रेघ रेणुका मारायची. जर्मन शिकताना लागलेली सवय. घरात ती आणखी एकाच माणसानं उचलली होती.

मुलीनं मान हलवली. वेणी पुढं आली आणि कानामागचा व्रण दिसला. सहा वर्षांची असताना झोपाळ्यावरून पडली होती. टाके रेणुकानं स्वतः काढले होते.

लातुरात तिचं कार्ड दुसरंच कुणीतरी लावत होतं.

हाक मारायला तिनं तोंड उघडलं. पण पट पुढं चालला होता आणि ती मुलगी एकामागून एक नाव घेऊन बसली होती. प्रत्येकाला वेगळा आवाज, प्रत्येकाची वेगळी बसण्याची ढब. राठोडला ती खांदे पाडून बसली. लोखंडेला खोकली. रेणुकाला एकेक मूल दिसू लागलं.

"वडजे सृष्टी."

बाहेर तुरीत वारा शिरला. मुलगी हलली नाही. गुंडप्पा सरांनी चष्म्यावरून रिकाम्या बाकांकडं पाहिलं, जणू खरोखरच कुणाला शोधत होते.

"वडजे आज बी न्हाई का?"

"न्हाई, सर," पहिल्या बाकावरून आवाज आला. घोगरा, मघाच्या बालाजीचा. "तिला आईबाबा घेऊन गेले, जर्मनीला. इथं आता आमीच."