देवळापाशी मिटलेले डोळे

“तुम्ही ख्रिश्चन ना हो, कृपादान? मग भैरोबाच्या देवळापाशी तुमचे डोळे कशाला मिटतात?”

सवितानं सगळ्या ड्रायव्हरांसमोर विचारलं.

नगरच्या त्या ट्रॅव्हल कंपनीच्या नव्या गाड्या हायवेला लागल्या की आपली आपण लेन धरून चालायच्या. ड्रायव्हरनं फक्त जागं राहायचं. तो जागा आहे का, हे समोरचा कॅमेरा बघायचा. डोळे मिटले की गाडीत भोंगा वाजायचा आणि ऑफिसात सविताच्या स्क्रीनवर लाल खूण उमटायची. हे नजर ठेवण्याचं काम तिनं मागून घेतलं होतं.

मिरजगावच्या अलीकडे, देवळापाशी, सगळ्यांच्याच नावावर लाल खुणा पडायला लागल्या. चौकशी केली तर काय, भले भले गडी स्टेअरिंग सोडून, डोळे मिटून हात जोडत होते! साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला आणि तेवढी जागा माफ केली.

सविता मात्र कृपादानला माफ करायला तयार नव्हती. देवाच्या आडून हा बाबा डुलकी काढतो, असं तिचं ठाम मत. झोपाळू ड्रायव्हर म्हटलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

“उद्या मी शेजारी बसते. डोळा मिटला की किल्ली काढून घेणार. मग बसा घरी.”

“मॅडम, घरात मिळवता मी एकटाच हाय.”

“ते आधी सुचायला हवं होतं.”

सकाळी दोघं निघाले. एरवी सविता या रस्त्यानं यायची नाही. कर्जतला माहेरी जायचं तरी श्रीगोंद्यावरून वळसा घालायची. वाटभर तिनं त्याला धारेवर धरलं. झोप किती झाली, गोळ्या कसल्या घेता, चष्म्याचा नंबर कधी तपासला? तो तुटक उत्तरं देत होता. कॅमेऱ्याची काही तक्रार नव्हती, याचाच तिला राग येत होता.

देऊळ आलं. सविता खिडकीबाहेर न बघता त्याच्या तोंडाकडेच टक लावून बसली होती. त्यानं हात जोडले नाहीत. देऊळ मागे पडताच त्याचे डोळे मिटले, ओठ हलले. भोंगा वाजला.

“थांबवा गाडी!” ती कडाडली. “माणसं मारायचीत का तुम्हाला?”

त्यानं गाडी कडेला घेतली.

“मारलंय, मॅडम. एक.”

“कुठं? कधी?” तिनं विचारलं.

“हितंच. पहाटचं. म्या टेम्पो चालवायचो तवा. त्या दिशी खरंच डोळा लागला हुता माजा. कुनी बघितलं न्हाई, म्या थांबलो बी न्हाई. तवापासनं हितं आलो की त्या मानसासाठी प्रार्थना करतो. झोपत न्हाई.”

सवितानं आता कुठे खिडकीबाहेर बघितलं.

“किल्ली घ्या,” तो म्हणाला. “पोलिसात द्यायचं तर द्या. पर देवाला सांगू तरी काय, कुनासाठी मागतोय? त्याचं नाव बी ठाऊक न्हाई मला.”

“गोरक्षनाथ,” सविता म्हणाली. लग्नातल्या उखाण्यानंतर नवऱ्याचं नाव तिनं पहिल्यांदाच घेतलं होतं.