मुलाच्या शहरातलं ऑपरेशन

"एकशे अठरा," नर्स म्हणाली, आणि बाई काट्यावरून सावकाश उतरल्या.

बाई म्हणजे चौथीच्या वर्गशिक्षिका. चोवीस वर्षं त्यांनी फळ्यापुढे उभं राहून काढली होती. आता खुर्चीत बसून शिकवावं लागे. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. गुडघे, साखर आणि गेल्या वर्षी दगा देता देता राहिलेलं हृदय, सगळ्याचं मूळ एकच. जठर लहान करायचं ऑपरेशन करून घ्या, म्हणाले.

तसं ते ऑपरेशन इथंही होत होतं. पण बाईंनी हॉस्पिटल निवडलं परदेशातलं, आणि घोडं तिथंच अडलं.

"तिकडे काय सोन्याच्या तारेनं शिवतात?" बाईंचे मिस्टर म्हणाले.

गल्लीत त्यांची ओळख तेवढीच, बाईंचे मिस्टर. छापखान्यात मुद्रितं तपासायचे. जन्म गेला दुसऱ्यांच्या चुका काढण्यात, घरात मात्र कधी ब्र नाही. या एका गोष्टीवर तेवढे हटून बसले होते. विमानात पाय सुजतील, तिथली भाषा येत नाही, काही कमीजास्त झालं तर बघणारं कोण?

"बघणारा आहे की तिथं," बाई म्हणाल्या.

त्या शहरात त्यांचा मुलगा होता. एकुलता एक. सहा वर्षांपूर्वी गेला, एका गोदामात कामाला लागला. मिस्टरांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

धाकटी बहीण फॉर्म भरायला आली तेव्हा बाईंनी खरं काय ते सांगितलं. त्या काही नुसत्या बारीक व्हायला निघाल्या नव्हत्या.

"त्याला माझी लाज वाटते गं," त्या म्हणाल्या.

बहिणीनं त्यांना वेड्यात काढलं. पण बाईंकडे पुरावे होते, वर्गात हजेरी घ्यावी तसे त्यांनी एकेक सांगितले. पूर्वी तो रोज फोन करायचा, "जाडे, जेवलीस का?" म्हणून ओरडायचा. गेल्या वर्षी बाई अकरा दिवस हॉस्पिटलात होत्या, तेव्हा तो आला नाही. रजा नाही म्हणे. तेव्हापासून फोनही बंद. उचलतच नाही. नुसते मेसेज, तेही दुपारच्या सुट्टीत, दोन ओळींचे. प्रिय आई, गोळ्या वेळेवर घे. रविवारी तर तेवढंही नाही. जाडी म्हणणं तर सुटलंच. खरोखरच लाज वाटायला लागली की माणूस चेष्टा करत नाही, असं बाईंचं म्हणणं. मी येऊ का विचारलं, तर इतक्यात नको.

"ऐंशी किलोची होऊन त्याच्या दारात उभी राहते," बाई म्हणाल्या. "मग बघू कसा नको म्हणतो."

बहिणीला भरून आलं. ती स्वयंपाकघरात गेली. मिस्टर ओट्यापाशी उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"भावोजी, तुम्ही तरी तिला समजवा."

"लाजबीज काही नाही वाटत त्याला."

"मग सांगा ना तिला तसं."

"सांगून दमलो. तिला ते त्याच्याकडूनच ऐकायचंय."

त्या आठवड्यात मिस्टर एकटेच डॉक्टरांना भेटून आले. प्रवास झेपेल, ऑपरेशनही झेपेल, डॉक्टर म्हणाले. फक्त मनाला मोठा धक्का बसू देऊ नका, हे गेल्या वर्षी सांगितलं होतं तेच आजही सांगतो. मिस्टरांनी घरी येऊन यातलं निम्मंच सांगितलं. बाई खुशीत बॅग काढायला उठल्या.

बुधवारपर्यंत परदेशी हॉस्पिटलाला होकार कळवायचा होता. मंगळवारी शाळेच्या मधल्या सुट्टीत बाईंनी मुलाला लिहिलं, "खरं सांग. तुला माझी लाज वाटते का? हो म्हणालास तर मी येणार नाही. परत कधी विचारणारही नाही."

मग त्यांनी वर्गाला चित्र काढायला बसवलं आणि फोन टेबलावर उताणा ठेवला. सुट्टीत उत्तर आलं नव्हतं. नंतरचा तासही गेला. शाळा सुटायला दहा मिनिटं असताना आलं. एकच शब्द होता, "हो."

बाईंनी पोरांची चित्रं गोळा केली. प्रत्येकाला छान म्हणाल्या. घरी आल्यावर बहिणीला फोन करून हॉस्पिटलाला नकार कळवायला सांगितलं.

"मग इथंच करून घेऊ, ताई."

"आता कशाला?" बाई म्हणाल्या.

मिस्टर नेहमीच्या वेळी आले. बाईंनी फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी वाचलं, फोन परत दिला आणि त्यांच्याशेजारी बसून राहिले. बाई तेव्हा कुठं रडल्या. इतक्या रडल्या की खाटेची फळी करकरली. मिस्टरांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"मला तोडलं तर तोडलं," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "सुखात आहे ना, बास."

मिस्टर उठून न्हाणीघरात गेले. त्यांनी नळ सोडला. बाहेर बाईंनी फोन जवळ ओढला आणि मुलाला शेवटचं लिहिलं, "बरं बाळा. जेवत जा वेळेवर."

न्हाणीघरात मिस्टरांच्या आतल्या खिशातला फोन थरथरला. चौदा महिन्यांपूर्वी तो छापखान्याच्या पत्त्यावर आला होता, मुलाचे चार शर्ट आणि त्याच्या मृत्यूचा दाखला यांच्यासोबत.