जाड ग्रिपचा पटर

गोल्फचा चेंडू भोकापासून हातभरावर थांबला होता. उपासनींनी चेंडू भोकात ढकलायची काठी, नवा, जाड ग्रिपचा पटर, घट्ट धरला. जुन्या पटरच्या बारीक ग्रिपमुळेच नेम चुकतो, असं ते सगळ्यांना सांगत आले होते. पण याचंही टोक चेंडूमागे थरथरतच राहिलं.

“राहू दे. गेला असं धरू. उचल चेंडू,” त्यांचे जुने जोडीदार बेंद्रे दुसरीकडे बघत म्हणाले.

उपासनींनी चमकून वर पाहिलं. समोरच्याला अशी सूट द्यायची गोल्फमधली रीत बेंद्र्यांनी जन्मात पाळली नव्हती. वीतभर अंतर असलं तरी “मारून दाखव की!” म्हणायचे, आणि हुकला की टाळ्या पिटून हसायचे.

“धरायचं कशाला? मारून दाखवतो,” उपासनी म्हणाले.

चेंडू भोकाच्या कडेला घासून पुढे गेला.

बेंद्रे हसले नाहीत.