पास झालेले ठोकळे

चौथ्या मजल्यावरची गॅलरी सकाळी खाली आली. पण दुपारी इंजिनिअरची बहीण त्याच घराचा ताबा घ्यायला येणार होती, त्यामुळे गॅलरी पडलेली नाही असं ठरलं.

ठरवलं इमारत बांधणाऱ्या मालकांनी. गॅलरी वाळूच्या ढिगावर पालथी पडली होती. कोणाला लागलं नव्हतं. तिच्या सावलीत बसणारा वॉचमन नेमका चहाला गेला होता. मालकांनी ढिगाला एक फेरी मारली, चपलेने एक तुकडा दाबून बघितला. त्याचा भुगा झाला.

"ठोकळेसाहेब, पडायला गॅलरी आधी असावी लागते," ते म्हणाले. "नकाशातून काढून टाका. नसलेली गॅलरी पडेल कशी?"

"आणि तिचं दार?"

"दाराचं कपाट करा."

ठोकळेसाहेब म्हणजे इंजिनिअर. हे आडनाव नव्हतं, कर्तबगारी होती. स्लॅब ओतताना त्यातलंच काँक्रीट लोखंडी साच्यात भरून छोटे चौकोनी ठोकळे करायचे, पाण्यात मुरवायचे आणि प्रयोगशाळेत पाठवायचे, असा नियम आहे. तिथे ते यंत्रात दाबून फोडतात. ठोकळा टिकला म्हणजे इमारत टिकली असं धरतात. या इंजिनिअरचे ठोकळे फुटायलाच तयार नसत. एकदा यंत्र बंद पडलं, तेव्हा प्रयोगशाळेतल्या माणसाने फोन करून सांगितलं होतं, "साहेब, जरा माणसात या."

दुपारी ताई भाचीला घेऊन आली. भाड्याची खोली सोडूनच आली होती. सामानाचा टेम्पो फाटकाशी उभा होता आणि टेम्पोत फ्रिजला मिठी मारून भावोजी उभे होते. जिना चढताना ताई कौतुकाने भिंतीवरून हात फिरवत होती. हाताला वाळू लागत होती. ती ओढणीला पुसत होती आणि पुन्हा हात फिरवत होती.

"बाळ्या, तू बांधतोयस म्हणून घेतलं हो हे घर," ती म्हणाली. "नाहीतर तुझे भावोजी! चौथा मजला म्हटल्यावर त्यांना खुर्चीतसुद्धा गरगरायला लागलं."

"भावाने जीव ओतलाय, ताई," मालक म्हणाले. "एक ठोकळा नापास नाही."

इंजिनिअरने चढता चढता विनाकारण पायऱ्यांकडे बघितलं. मग कारण आठवून नजर काढून घेतली.

हॉलमध्ये ताई थबकली. "इथे गॅलरी होती ना?"

"तो जुना नकाशा," मालक म्हणाले.

"अहो, मी खालून बघितली होती. कठडासुद्धा होता."

"खालून काय, खूप काही दिसतं. त्याऐवजी कपाट दिलंय. फायदाच आहे. गॅलरीत नुसती धूळ येते."

भाचीला कपाटं फार आवडत. त्यांत लपता येतं. मोठ्यांचं बोलणं चालू असताना तिने धावत जाऊन कडी काढली. इंजिनिअरने झेप घेतली आणि तिचा फ्रॉक मुठीत धरला. शिवण उसवली, पण फ्रॉक हातात राहिला आणि फ्रॉकमध्ये भाचीही राहिली.

कपाटात आकाश होतं. त्याखाली वाळू, टेम्पो, फ्रिज, भावोजी. भावोजींनी वर बघून आनंदाने हात केला.



मग मालक म्हणाले, "मागची फळी अजून लावायची आहे."

ताईने पोरीला कडेवर घेतलं. झोपलेल्या माणसाच्या खोलीचं लावावं तसं तिने ते दार हळूच लावलं. कडी घातली आणि ओढून बघितली.

"बाळ्या, ठोकळे पास झाले ना?"

"झाले."

"या घराच्याच मालाचे होते ना?"

मालकांनी घराची किल्ली पुढे केली. इंजिनिअर किल्लीकडे बघत राहिला. 'हो' म्हणायला त्याने तोंड उघडलंही होतं. पण ताईच्या कडेवरच्या भाचीच्या उसवलेल्या फ्रॉकचं टोक अजून त्याच्या मुठीत होतं.

"नाही, ताई. ठोकळ्यांचा माल मी वेगळा कालवायचो. घमेल्यात, माझ्या हाताने. सिमेंट पोटभर, पाणी बेताचं."

"आणि स्लॅबचा?"

"त्यात मजूर पाइपने पाणी सोडायचे. पातळ असला की भराभर पसरतो. सिमेंट आपलं रंगापुरतं."

"सगळेच करतात, ताई," मालक म्हणाले. दुर्दैवाने ते खरं बोलत होते.

"किल्ली घेऊ नकोस," इंजिनिअर म्हणाला.

ताईने खिडकीतून टेम्पोकडे बघितलं. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ऐकणं जास्त अवघड गेलं. "मग आम्ही राहायचं कुठे? सांग ना."

 इंजिनिअर खाली उतरून आपल्या पत्र्याच्या ऑफिसात गेला. बाहेर सिमेंटची टाकी होती. शेवटच्या स्लॅबच्या वेळचे सहा ठोकळे तिच्यात मुरत होते. कोपरे धारदार, अंगावर एक चीर नाही.  मग आत जाऊन त्याने बांधकाम परवानगी खात्याला अर्ज लिहायला घेतला. नोकरीला लागल्यापासून त्या खात्याला तो पहिल्यांदाच खरं कळवत होता.

"महोदय, सदर ठिकाणी नियमानुसार झालेले बांधकाम केवळ टाकीतील सहा ठोकळ्यांचे आहे. तरी माझी बहीण, मेव्हणे, भाची व एक फ्रिज यांना सदर ठोकळ्यांमध्ये राहण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती."