मध्यंतरानंतर

पडद्यावरची नावं संपली, दिवे लागले, झाडूवाला पहिल्या रांगेपर्यंत आला, तरी फुसकेबुवा खुर्चीतच. शेवटचं नाव सरकल्याशिवाय उठायचं नाही हा त्यांचा नेम होता, पण आज नेमाचीही वेळ टळून गेली होती. शेजारी बसलेल्या लेकीने चष्मा पुसला, नाक पुसलं आणि विचारलं,

"बाबा, सांगा ना. पहिल्याइतका आहे?"

नेमका हाच प्रश्न सकाळपासून त्यांच्या मानगुटीवर बसला होता.

फुसकेबुवा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. चौतीस वर्षांपूर्वी, पेपरात सिनेमाची परीक्षणं लिहायला लागून जेमतेम वर्ष झालं असताना, एक अंतराळातला सिनेमा आला होता. यानात वर्षानुवर्षं झोपलेली एक बाई आणि तिची राखण करणारा यंत्रमानव. बुवांनी लिहिलं, 'शेवट अगदीच फुसका.' लोकांनी मात्र त्या शेवटासाठीच सिनेमा डोक्यावर घेतला. बुवांना नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे त्यांच्या लेखणीला मान मिळाला, पण नाव काही सुटलं नाही. आता इतक्या वर्षांनी त्या सिनेमाचा दुसरा भाग आला होता आणि संपादकाने हौसेने अख्खं पान राखून ठेवलं होतं. डावीकडे जुनं परीक्षण, उजवीकडे नवं. पाच वाजेपर्यंत मजकूर हवा होता. बुवा आपले शब्द मागे घेतात का, हे बघायला सगळे टपून बसले होते.

लेक दातांची डॉक्टर. तोंड मिटून बसलेल्या माणसांशी तिची रोजचीच गाठ. समोरच्या हॉटेलात कॉफी मागवून तिने पुन्हा विषय काढला.

"एकदाचं मान्य करून टाका. पहिल्या भागाच्या शेवटी तो यंत्रमानव स्वतःची बॅटरी काढून तिला देतो, तिथे दगडालाही पाझर फुटेल. तुम्हालाच कसा फुटला नाही?"

बुवा चमचा फिरवत राहिले. साखर केव्हाच विरघळली होती.

"कारण मी तो शेवट पाहिलाच नाही," ते म्हणाले.

"काय?"

"मध्यंतरात थिएटरच्या मॅनेजरने बोलावून घेतलं. दवाखान्यातून फोन होता. दोन आठवडे आधीच यायचं तू ठरवलं होतंस. मी तसाच पळालो. संध्याकाळी तू झालीस आणि तासाभरात पेपरचा फोन, मजकूर कुठाय म्हणून. दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिला. पहिला अर्धा रटाळ वाटला होता. पुढचाही तसाच असणार म्हणून दिलं ठोकून."

लेकीने कप खाली ठेवला. तो सिनेमा लागला त्याच दिवशी आपला जन्म झाला, हे ती आजवर मिरवत आली होती. दोन्ही गोष्टी तिने कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

"आणि नंतर? एकदाही नाही पाहिलात?"

"चांगला निघाला असता तर छापून कबूल करावं लागलं असतं. तेवढी छाती नव्हती माझी. तुझ्या आईला ठाऊक होतं. ती कधी बोलली नाही."

नव्या समीक्षकांना बुवा बजावत, पाहिल्याशिवाय एक अक्षर लिहू नका. बजावताना दर वेळी मनात चोर असायचा. ज्या लेकीने त्यांच्याकडून सिनेमा बघायला शिकून घेतलं, तिच्यासमोर आज तो बाहेर पडला होता. ती आता उठून जाईल, असं त्यांना वाटलं.

लेक उठली. "चला," ती म्हणाली, "माझ्या घरी आहे तो पहिला भाग. अजून चार तास आहेत."

बैठकीच्या खोलीतले पडदे ओढून तिने सिनेमा मध्यंतराच्या जागी आणून लावला. "नको, पहिल्यापासून लाव," बुवा म्हणाले. दोन तास ते जागचे हलले नाहीत. लेकीचं लक्ष सिनेमात कमी आणि त्यांच्या तोंडाकडे जास्त होतं. बॅटरीचा प्रसंग आला आणि तिचे डोळे सवयीने भरून आले. बुवा पुढे वाकून बघत होते. संपल्यावर ते थेट तिच्या कॉम्प्युटरपुढे जाऊन बसले.

पावणेपाचला त्यांनी खुर्ची बाजूला सरकवली. लेक वाचू लागली.

'चौतीस वर्षांपूर्वी या सिनेमाचा उत्तरार्ध न पाहताच मी त्याला नावं ठेवली. ती लबाडी होती. वाचकांची आणि सिनेमा करणाऱ्यांची मी माफी मागतो.' तिने बुवांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढे वाचलं. 'आता पाहून लिहितो. शेवट जमलेला नाही. ज्या बॅटरीने बाईचा जीव वाचतो, ती तिच्या झोपेच्या यंत्राला चालतच नाही, असं याच यंत्रमानवाने तासाभरापूर्वी सांगितलेलं आहे. संगीत इतकं रडतं की आपल्याला रडायला जागा उरत नाही. दुसरा भाग कितीतरी सरस आहे. तीच नटी आता खरोखर म्हातारी झाली आहे. यंत्रमानव तिला ओळखत नाही, आणि ती ओळख पटवायला जात नाही. नुसती त्याच्याशेजारी बसते.'

लेकीने ते दोनदा वाचलं. आधी तिला राग आला, मग हसू आवरेना.

"म्हणजे तुमचं तेव्हाचंच बरोबर होतं!"

"अंदाज लागला."

"मग बाबा, ते वरचं माफीचं काढून टाका. कुणाला कळणारसुद्धा नाही. एवढी वर्षं हसणाऱ्यांची तोंडं बंद होतील. तुम्ही जिंकलात!"

"ठाऊक आहे," बुवा म्हणाले, आणि लेख होता तसा पाठवून दिला.